'छिन्नमनस्कता' हा शब्द टाकून द्यावा का?

शहापूरकर:
मावसभावाला आठ वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे मराठीत छिन्नमनस्कतेचं, निदान झालं. धारवाडला दाखवलं, गोळ्या चालू आहेत, रोज नऊला दुकान उघडतो. गेल्या महिन्यात एक स्थळ आलं. त्यांनी मोबाइलवर 'छिन्नमनस्कता' शोधलं आणि मावशीला विचारलं, "म्हणजे अंगात दोन माणसं हाईत काय ओ?" मावशी काही बोललीच नाही.

ग्रीक 'स्किझाइन' म्हणजे फाडणं, चिरणं. 'फ्रेन' म्हणजे मन. ब्लॉयलर या स्विस डॉक्टरांनी १९०८ साली हे नाव दिलं आणि आपण त्याचं शब्दाला शब्द मराठी करून बसलो. जपानमध्येही 'मन फाटण्याचा आजार' असंच नाव होतं. २००२ साली त्यांनी बदलून 'मेळ बिघडण्याचा विकार' अशा अर्थाचं केलं, आणि डॉक्टर रुग्णाला निदान मोकळेपणी सांगू लागले. आपण का नाही?

लॅबवाला, खानापूर:
शब्दाचा काय दोष, दादा? मलेरियाच्या स्लाइडवर शायझाँट, म्हणजे फुटून अनेक होणारा जंतू, दिसतो, तो शब्द याच मुळाचा. व्हायवॅक्स या मलेरियाच्या जातीच्या एका शायझाँटमध्ये १२ ते २४ पिल्लं असतात. तांबडी पेशी फुटली की सगळी बाहेर. शिस्टोसाइट म्हणजे फाटलेली तांबडी पेशी, बघाल तर हेल्मेटसारखी दिसते. यात दोन कुठं आले? एक मूळ कळलं की पाच शब्द आपोआप उलगडतात. शिवाय संस्कृत 'छिद्' आणि ते 'स्किझाइन' सख्खी भावंडं आहेत. आयतं जुळलेलं कशाला मोडायचं?

शहापूरकर:
भावंडं असतील. स्थळाकडच्यांना व्युत्पत्ती सांगायला तुम्ही येणार काय?

निपाणीची सून:
भाऊ, 'छिन्न'मध्ये दोन नाहीतच. 'छिन्नविच्छिन्न' म्हणताना तुकडे कोण मोजतं? घोळ 'दुभंग'ने केलाय. दुभंग व्यक्तिमत्त्व हा निराळाच विकार, लोकांनी तो याच्या गळ्यात बांधला. कन्नडमध्ये तर 'इच्चित्तविकलते' म्हणतात, त्यात उघडच दोन चित्तं! ब्लॉयलरना म्हणायचं होतं की विचार, भावना आणि इच्छा यांची एकमेकांशी असलेली सांगड सुटते. माणसं दोन होत नाहीत.

दोन बघायचे तर आमच्या सासूबाईंचे धणे बघा. पेरायच्या आधी फरशीवर पसरून चपलेनं रगडतात, धणा फाकतो, दोन अर्धी बाजूला. वनस्पतिशास्त्रात त्याला शायझोकार्प म्हणतात. तिथं मात्र मोजून दोनच.

येळ्ळूरचा शेतकरी:
धणे आम्हीपण रगडतो, पण शब्द बदलून काय फरक पडतो ते सांगा. 'वेडा' नको म्हणून 'मनोरुग्ण' आणला, आता पोरं तोच शिवी म्हणून वापरतात. नवा शब्दपण चार वर्षांत बाटणार. लोकांना आजार समजवा, शब्द राहू दे.

शहापूरकर:
चार वर्षं मिळाली तरी भावाचं लग्न होईल ना!

निपाणीची सून:
मग त्या लोकांना शेवटी काय सांगितलंत?

शहापूरकर:
मावशीनं डॉक्टरांची चिठ्ठी पुढं केली. त्यावर आजाराचं नाव नाहीच, नुसता त्याचा कोड, 'एफ २०', लिहिलाय. "हे व्हिटॅमिनचं काय?" असं त्यांनी विचारलं. ती 'हो' म्हणाली.