डेसिबलपेक्षा मोहरी बरी

कुणीतरी पोरांना लहान-मोठा आवाज शिकवायला डेसिबलचं (आवाज किती मोठा ते आकड्यात दाखवणारं) अ‍ॅप सुचवलंय, पण चार वर्षांच्या पोराला ४० आणि ७० आकडे बघून काय डोंबल कळणार? त्यापेक्षा वाटीवर फुगा कापून ताणून बसवा, वर चिमूटभर मोहरी टाका आणि अगदी जवळ स्टीलचं ताट धरून चमच्याने आधी हळूच मग जोरात वाजवा, जोरात वाजलं की मोहरी टणाटण उडते, हळू वाजवलं तर ढिम्म हलत नाही, पोरं खूश. फक्त ताट तेच ठेवा हं, एकदा घंटी एकदा ढोल असं केलं की बारीक (म्हणजे उंच पट्टीचा) आवाज म्हणजेच हळू आवाज असं धरून बसतात (शिट्टी बारीकच असते की, पण कान फोडते!). आणि ताट पोरांच्या कानाशी नको. नंतर केरसुणी मात्र तयार ठेवा.