सासू-सासऱ्यांचा कार्बन रिबेट राहून गेला, आता मिळेल का? (ऑन्टारियो)

किचनरची_सून

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण घरात यावरून रोज बोलणं होतंय.

सासू-सासरे मे २०२४ मध्ये पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) घेऊन कायमचे आमच्याकडे किचनरला आले. आल्याबरोबर दोघांचे सिन (सोशल इन्शुरन्स) नंबर काढले, बँकेत दोघांची वेगवेगळी खाती उघडली. पण २०२४ चं टॅक्स रिटर्न दोघांपैकी कुणाचंच भरलं गेलं नाही. आमचं रिटर्न जिथे भरतो त्या ऑफिसात सांगितलं होतं, "इथली कमाई शून्य आहे, कशाला भरता?" मामंजींना भारतातली पेन्शन येते, महिन्याला साधारण बत्तीस हजार रुपये. सासूबाईंचं स्वतःचं उत्पन्न काहीच नाही.

आता एका मैत्रिणीकडून कळलं की कॅनडा कार्बन रिबेट, म्हणजे कार्बन करातून सरकार घरांना परत द्यायचं ती रक्कम, प्रत्येक प्रौढाला मिळत होता, कमाई असो वा नसो. त्याच ऑफिसात पुन्हा विचारलं, तर म्हणे आम्ही काढून देतो, मिळालेल्या रकमेचा तिसरा हिस्सा आमचा. मला ते अजिबात पटलेलं नाही.

योजना तर बंद झाली. मग मागचे पैसे अजून मिळतात का? नवऱ्याची काळजी वेगळी आहे. आईवडिलांना बोलावताना वीस वर्षांचं हमीपत्र दिलंय, त्या काळात त्यांनी सरकारी मदत घेतली तर ती आपल्याकडून वसूल होते. हा रिबेट त्यात धरतात का?

आणि शेवटचं, माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. हे पैसे सासूबाईंच्या खात्यात येऊ शकतील का? ओएएस (सरकारच्या म्हातारपणीच्या) पेन्शनसाठी इथे किमान दहा वर्षं राहिलेलं असावं लागतं, तोवर त्यांच्या नावाने एक डॉलरही येणार नाही. भाजी आणायची तरी त्या मुलाकडे बघतात. ते मला बघवत नाही.

स्कारबरोकर

ताई, पैसे मिळतात. आधी हे नक्की मनात धरा, मग पुढचं वाचा.

मी दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडच्या मोफत टॅक्स क्लिनिकमध्ये स्वयंसेवक म्हणून रिटर्न भरायला बसतो. तुमच्यासारखी घरं दर मोसमात येतात. आजी-आजोबा कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर बसलेले, मुलगा सांगतो "यांचं काही नाही, आमचंच भरायचंय", आणि मी प्रत्येक वेळी म्हणतो, यांचंच आधी भरू.

पेट्रोल, गॅसवरचा केंद्राचा कार्बन कर २०१९ पासून होता. २०२४-२५ मध्ये कार्बन उत्सर्जनाच्या दर टनामागे ८० डॉलर होता, म्हणजे पेट्रोलच्या लिटरमागे साधारण साडेसतरा सेंट. त्यातला बहुतेक पैसा घरांना परत दिला जायचा, तोच हा रिबेट. सामान्य ग्राहकावरचा कर १ एप्रिल २०२५ पासून शून्य केला आणि शेवटचा हप्ता २२ एप्रिल २०२५ ला आला. पण ज्यांनी रिटर्न उशिरा भरलं त्यांचा हक्क त्या दिवशी संपला नाही. रिटर्न तपासून झालं की राहिलेले हप्ते सोडले जातात.

मात्र एक तारीख फ्रिजवर लावून ठेवा: ३० ऑक्टोबर २०२६. नोव्हेंबर २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अशी तरतूद मांडली की त्यानंतर भरलेल्या रिटर्नवर किंवा दुरुस्तीच्या अर्जावर हा रिबेट द्यायचा नाही. म्हणून "पुढच्या वर्षी दोन्ही वर्षांचं एकदम करू" हा विचार सोडा.

तुमच्या घरचा हिशेब असा. ऑन्टारियोत २०२४-२५ साठी दर तिमाहीला पहिल्या व्यक्तीचे १४० आणि जोडीदाराचे ७० डॉलर होते. ते मे मध्ये आले, म्हणजे जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीचे तीन हप्ते: ६३० डॉलर. एप्रिल २०२५ चा शेवटचा हप्ता १५१ अधिक ७५.५० होता. सगळे मिळून ८५६.५०. यातला तिसरा हिस्सा कुणाला द्यायची काहीही गरज नाही. क्लिनिकमध्ये हे काम फुकट होतं.

काम दोन भागांत आहे आणि लोक इथेच अडकतात. एप्रिल २०२५ चा हप्ता २०२४ च्या रिटर्नवर ठरतो, त्यामुळे दोघांचं २०२४ चं रिटर्न भरा. आधीचे तीन हप्ते २०२३ च्या रिटर्नवर ठरत होते, आणि २०२३ मध्ये तर ते इथे नव्हतेच. अशा नव्याने आलेल्यांसाठी आरसी१५१ नावाचा वेगळा फॉर्म आहे. (पदरी लहान मुलं असतील तर आरसी६६ आणि त्याची पुरवणी, तुम्हाला ती लागणार नाही.) जोडप्यापैकी एकाने भरायचा, दुसऱ्याची माहिती त्यातच येते. त्यावर इथे आल्याची तारीख आणि येण्याआधीचं भारतातलं उत्पन्नही विचारतात. जीएसटी क्रेडिटचा (विक्रीकरापोटी सरकार परत देतं ती रक्कम) अर्जही हाच, आणि त्याची रक्कम उत्पन्नावर ठरते, म्हणून ते विचारणं. कार्बन रिबेटला उत्पन्नाची अट कधीच नव्हती.

मामंजींची पेन्शन रिटर्नमध्ये दाखवाच. इथे राहायला लागल्यापासून जगात कुठेही मिळालेलं उत्पन्न सांगावं लागतं. एवढ्या रकमेवर त्यांना कर बसणार नाही, आणि कर देणं नसेल तर उशिराचा दंडही नाही. दंड हा थकलेल्या कराच्या टक्क्यांत असतो.

तुमच्या यजमानांना सांगा, निर्धास्त राहा. हमीपत्रात ज्याला सरकारी मदत म्हटलंय ती सोशल असिस्टन्स, आपल्याकडे ऑन्टारियो वर्क्स देतं तशी. कार्बन रिबेट, जीएसटी क्रेडिट, ऑन्टारियोचा ट्रिलियम लाभ ही करातून परत मिळणारी रक्कम आहे, ती त्यात येत नाही. या एका भीतीपोटी किती आजी-आजोबांचे पैसे पडून राहिले असतील, याचं मला फार वाईट वाटतं.

आता सासूबाईंबद्दल. जोडप्याचा रिबेट दोघांपैकी एकाच्याच नावे येतो, आणि तो ज्याचं रिटर्न आधी तपासून होईल त्याच्या नावे. म्हणून त्यांचं रिटर्न आधी पाठवा. त्यांची नोटीस ऑफ असेसमेंट (रिटर्न तपासल्याचं पत्र) हातात आली की मगच मामंजींचं. आरसी१५१ सुद्धा अर्जदार म्हणून त्यांच्याच नावाने भरा. डायरेक्ट डिपॉझिटला फक्त त्यांच्या नावाचं खातं जोडा. तुम्ही खाती वेगळी उघडलीत हे फार चांगलं केलंत.

ट्रिलियममधल्या सेल्स टॅक्स क्रेडिटसाठी वेगळा अर्ज लागत नाही, २०२४ चं रिटर्न भरलं की त्याचा विचार आपोआप होतो. आणि २०२५ चं रिटर्न विसरू नका. कार्बनचे पैसे संपले तरी जीएसटी क्रेडिट दरवर्षी रिटर्नवरच अवलंबून आहे.

मूसजॉचा_रहिवासी

स्कारबरोकरांनी सगळं लिहिलंय, एकच जोडतो. मोठ्या महानगर क्षेत्राच्या बाहेर राहणाऱ्यांना एप्रिल २०२४ पासून २० टक्के जास्त मिळत होते, आधी ते १० टक्के होते. पण त्यासाठी रिटर्नच्या दुसऱ्या पानावर एक चौकोन भरावा लागतो. प्रिन्स एडवर्ड आयलंड सोडलं तर तो आपोआप भरला जात नाही, तिथे सगळ्यांनाच धरून दिलं होतं.

आमच्या सस्कॅचवनमध्ये चार जणांच्या घराला तिमाहीला ३७६ डॉलर, वाढीव धरून ४५१.२०. फरक ७५.२०, वर्षाचे तीनशे. या वाढीसाठी रिजायना, सस्काटून धरले जात नाहीत, मूस जॉ धरलं जातं. गावं लहान, घरं लांब, बस नाही, गाडीशिवाय दूधही आणता येत नाही, म्हणून ही वाढ दिली होती. ज्यांचा चौकोन राहिला त्यांनी सीआरएच्या (कॅनडाच्या कर खात्याच्या) माय अकाउंटमधून त्या वर्षाचं रिटर्न दुरुस्त करावं. दुरुस्तीलाही तीच ऑक्टोबरची तारीख आहे. किचनर महानगरात येतं, त्यामुळे ताई, तुम्हाला हे लागू नाही. पण वाचणाऱ्यांत लहान गावांतली माणसं असतील, त्यांच्यासाठी लिहिलं.

विनिपेग_विद्यार्थी

काका, मी स्टडी परमिटवर आहे. वय २३, ऑगस्ट २०२३ पासून इथे. २०२३ आणि २०२४ दोन्ही रिटर्नं भरलेली नाहीत. मला पण मिळेल का? आणि माझा मामेभाऊ व्हँकुव्हरला असतो, त्याचं काय?

स्कारबरोकर

बाळा, परमिट कुठला यापेक्षा तू करासाठी इथला रहिवासी ठरतोस का ते बघतात. भाड्याची खोली, बँक खातं, प्रांताचा आरोग्य विमा, वर्षभर इथे राहणं, हे सगळं त्यात मोजतात. तुझं वर्णन पाहता ठरशील असं दिसतं. दोन्ही रिटर्नं भर. मॅनिटोबात एकट्या माणसाला २०२४-२५ मध्ये तिमाहीला १५० होते, म्हणजे चार हप्त्यांचे ६००, शिवाय एप्रिल २०२५ चा हप्ता. आल्यानंतरच्या ऑक्टोबर २०२३ आणि जानेवारी २०२४ च्या हप्त्यांसाठी तुलाही आरसी१५१ लागेल. फी भरल्याची टी२२०२ पावती कॉलेजच्या पोर्टलवरून काढून ठेव, ती पुढे कामाला येते.

मामेभावाला हा रिबेट नाही. ब्रिटिश कोलंबियाचा स्वतःचा कार्बन कर होता आणि त्याचं क्रेडिट प्रांताचं वेगळं होतं. क्वेबेकलाही हा केंद्राचा रिबेट नव्हता.

आणि सगळ्यांनाच सांगतो: "तुमचा कार्बन रिबेट आलाय, इथे दाबा" असा मेसेज आला तर दाबू नका. सीआरए मेसेजमधून लिंक पाठवून किंवा ई-ट्रान्सफरने पैसे देत नाही. बँकेत थेट जमा होतात, नाहीतर टपालाने चेक येतो.

किचनरची_सून

काका, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. हमीपत्राचा मुद्दा नवऱ्याला वाचून दाखवला, तो लगेच पीआरची कागदपत्रं शोधायला उठला. आमच्या भागातल्या क्लिनिकला फोन केला, वर्षभर चालतं म्हणे. सासूबाईंची वेळ घेतली, मामंजींची त्यानंतरची.

एक विचारायचं राहिलं. सासूबाई इंग्रजीत सही करत नाहीत, मराठीत करतात. फॉर्मवर चालेल का?

स्कारबरोकर

चालेल. सही ही सही असते, लिपी कुठलीही असो. पासपोर्टवर आणि बँकेत जशी केली असेल तशीच करू द्या. जाताना सिनचं पत्र, पीआर कार्ड, इथे उतरल्याची तारीख आणि मामंजींच्या पेन्शनचा महिन्यावार तपशील बरोबर ठेवा. रुपयांचे डॉलर करताना बँक ऑफ कॅनडाचा दर वापरतात, ते क्लिनिकवाले करून देतील. आणि सासूबाईंना स्वतः घेऊन जा. फॉर्म त्यांचा आहे, प्रश्नांची उत्तरं त्यांनाच देऊ द्या, तुम्ही भाषांतराला बसा.