एक्स जपानचं एंडलेस रेन झालं, आता पुढे काय ऐकू?

बेसूर_बाथरूमवाला
मंडळी, सध्या एक्स जपान या जपानी रॉक बँडचं एंडलेस रेन लूपवर आहे. तो पियानो, गायक तोशीचा वर वर चढत जाणारा आवाज, आणि लाइव्हमध्ये तर शेवटी बँड थांबतो तरी पब्लिक गातच राहतं, खलास झालो. मग उत्सुकतेने फोटो बघितले तर केस हातभर उभे, मेकअप, लेस, साखळ्या, ड्रमरचा अवतार तर विचारूच नका. त्यात पुढचं गाणं आपोआप लागलं ते ब्लू ब्लड, इतकं फास्ट की मी दचकून आवाज कमी केला. हा नक्की एकच बँड आहे ना? कुठून सुरुवात करू सांगा, आणि प्लीज पन्नास गाण्यांची यादी नको.

डबल_बास
एकच बँड आणि या दोन गाण्यांपुरता तर एकच माणूस. योशिकी. एंडलेस रेनचा पियानो त्याचा, ब्लू ब्लडचे ड्रम त्याचे, दोन्ही चाली त्याच्याच, दोन्ही 1989 च्या ब्लू ब्लड अल्बममधल्या. लहानपणी क्लासिकल पियानो शिकलेला पोरगा पुढे किस या अमेरिकन रॉक बँडच्या नादाने ड्रमकडे वळला, त्यामुळे त्याला दोन्ही सुटत नाहीत.

तू आता कुरेनाई ऐक, बाकी सगळं नंतर. सुरुवातीला गिटारचे सुटे सुटे सूर, तोशी इंग्लिशमध्ये हळू आवाजात गातोय, तुला वाटेल आलं अजून एक बॅलड, म्हणजे संथ हळवं गाणं, आणि मग ड्रम घुसतात ते शेवटपर्यंत दम खाऊ देत नाहीत. एक गंमत करून बघ. कुरेनाईचा कोरस नुसता गुणगुण, ड्रम विसरून, अर्ध्या स्पीडने. एंडलेस रेनच्या शेजारी बसेल असं गाणं आहे ते! माझं मत विचारशील तर यांची फास्ट गाणी म्हणजे मागे कुत्रं लागलेली बॅलड्स आहेत. सायलेंट जेलसीचंही तेच, आधी शांत पियानो मग धुमाकूळ. असं वर्षानुवर्षं बडवून योशिकीच्या मानेची पार वाट लागली, 2017 मध्ये ऑपरेशन करावं लागलं.

पिंक_कोळी
झालं, आला योशिकी भक्त 😄 अरे बाकीचे काय नुसते केस उभे करायला होते का? गिटारवाल्या हिदेने केलेलं जोकर ऐक, जेलसी अल्बममधलं (1991), मस्त टवाळखोर गाणं आहे, अजिबात रडारड नाही. त्याच अल्बममध्ये व्हॉइसलेस स्क्रीमिंग आहे, चाल बेसवाल्या ताइजीची, शब्द तोशीचे, अकूस्टिक गिटारवर. बॅलड आवडतं म्हणतोस तर हे ऐकच, पियानोचा लोंढा नाही त्यामुळे तोशीचा आवाज जवळून ऐकू येतो, खरवडल्यासारखा. आणि हिदेची बँडबाहेरची सोलो गाणी सोडू नकोस. रॉकेट डाइव्ह जानेवारी 1998 चं, 2 मे ला हिदे गेला आणि त्यानंतर त्याच महिन्यात पिंक स्पायडर आलं. माझ्या आयडीचं कारण कळलं असेलच.

निवांत_पाटी
आर्ट ऑफ लाइफ कोणीच नाही सांगितलं?? 1993, एकच गाणं, 29 मिनिटं, शब्द सगळे इंग्लिशमध्ये. हेडफोन लाव आणि फोन बाजूला ठेव.

डबल_बास
@निवांत_पाटी अहो पहिल्याच आठवड्यात नका हो त्याला आर्ट ऑफ लाइफ देऊ, पळून जाईल. मधला तो पियानो सोलो आठवतोय ना, एक पियानो तीच सुरावट घोळवत बसलाय आणि दुसरा त्याच्यावर वेड्यासारखा आदळआपट करतोय, मिनिटंच्या मिनिटं. मला आवडतो, पण त्याची ओढ लागायला आधी बाकीची गाणी अंगात मुरावी लागतात.

बेसूर_बाथरूमवाला
कुरेनाई ऐकलं. बाप रे. कोरस हळू गाऊन बघितला, पटलं. लाइव्हमध्ये तोशी ओरडून नाव घेतो आणि सगळं स्टेडियम पेटतं, त्यावर अंगावर काटा आला. पण सगळंच इतकं वेगात नकोय मला, रोज जाता येता ऐकायला मधलं काहीतरी सांगा ना. जोकर पण आवडलं, खोटं कशाला बोलू.

पिंक_कोळी
मधलं म्हणजे रस्टी नेल, 1994 चं. सुरुवातीची सिंथची (सिंथेसायझरची) धून एकदा डोक्यात बसली की निघत नाही, स्पीडही बेताचा. मग टीअर्स, फॉरेव्हर लव्ह, क्रुसिफाय माय लव्ह आहेतच. फॉरेव्हर लव्हच्या नादी तर जपानचे पंतप्रधान कोइझुमीसुद्धा लागले होते, त्यांच्या पक्षाच्या जाहिरातीत ते वाजलंय. मात्र हिदेच्या अंत्यविधीला योशिकीच्या पियानोवर तोशीने हेच गायलं होतं, ते माहीत असलं की ऐकताना जरा जड जातं.

निवांत_पाटी
आणि स्टुडिओतली गाणी ऐकून झाली की 31 डिसेंबर 1997 चा टोकियो डोमचा द लास्ट लाइव्ह बघ, नुसता ऐकू नकोस. फुटलेल्या बँडचा तो निरोपाचा कॉन्सर्ट, हिदेसोबतचा यांचा शेवटचा कॉन्सर्ट तोच. त्यात एक्स नावाचं गाणं लागलं की अख्खा डोम हातांची एक्ससारखी फुली करून उड्या मारतो, ते बघायलाच हवं. तोपर्यंत आर्ट ऑफ लाइफ राखून ठेव, या डबल बासला घाबरू नकोस.

डबल_बास
बरं, पंधरा दिवसांनी दे त्याला. त्याआधी एक काम, व्हॅनिशिंग व्हिजन या 1988 च्या अल्बममध्ये कुरेनाई अख्खं इंग्लिशमध्ये आहे, ते ब्लू ब्लडवाल्या शेजारी लावून ऐक. कुठलं जास्त आवडलं ते इथे येऊन लिही, माझी आणि पिंक कोळीची पैज लागलीय.