प्रतिसाद: जेवणाच्या फोटोवरून अ‍ॅपने कॅलरी मोजताना तेल निसटतं
अ‍ॅपमध्ये कॅलरी कमी दिसतात, तरी वजन कमी होत नाही, असं एकाने विचारलंय. संशय आधी तेलावर घ्या. एआय फोटोतला पदार्थ ओळखतं, पण त्यात मुरलेलं तेल त्याला दिसत नाही. १ मोठा चमचा, म्हणजे साधारण १४ ग्रॅम तेलात जवळपास १२० कॅलरी असतात. उपाय कंटाळवाणा आहे: आठवडाभर स्वयंपाकाआधी आणि नंतर तेलाची बाटली वजनकाट्यावर ठेवा, फरक आपल्या वाट्याच्या प्रमाणात अ‍ॅपमध्ये हाताने भरा. भाताचं वजन शिजल्यावर केलं असेल तर नोंदही 'शिजलेला' अशीच निवडा. स्मार्ट घड्याळाने दाखवलेल्या 'खर्च झालेल्या' कॅलरी मात्र जेवणात भरून काढू नका, तो आकडा फारच ढोबळ असतो. वजन रोज सकाळी करा, पण बघा ७ दिवसांची सरासरी.