भाच्याने निकालाच्या साइटमधली चूक दाखवली, आता त्यालाच 'हॅकर' म्हणताहेत

अबोली_मिरज

नमस्कार मंडळी. गेली सात-आठ वर्षं इथे फक्त वाचायला येते, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय घरातला आहे आणि दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.

माझ्या बहिणीचा मुलगा आमच्याकडे राहून कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही. सोमवारी त्यांचा निकाल ऑनलाइन लागला. याने आपला निकाल उघडला, तर वर पत्त्याच्या पट्टीत शेवटी स्वतःचा सीट नंबर दिसला. त्यातला शेवटचा आकडा बदलून पाहिला, तर शेजारच्या बाकावरच्या मुलाची गुणपत्रिका उघडली. पासवर्ड नाही, काही नाही. त्यावर आईचं नाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर, कोणत्या प्रवर्गातून प्रवेश घेतला तेही. मी भाकरी थापत होते. लॅपटॉप घेऊन ओट्याशी आला आणि म्हणाला, "मावशी, हे कुणालाही दिसतंय गं."

मीच म्हटलं, सरांना सांग. मंगळवारी त्याने विभागप्रमुखांना जाऊन दाखवलं. दुपारी साइट बंद झाली आणि बुधवारी याला ऑफिसात बोलावलं. "तू साइट हॅक केलीस, आम्ही सायबर सेलला कळवतोय, शुक्रवारी पालकांना घेऊन ये." बहीण-मेहुणे जतला असतात, त्यांना अजून कळवलेलं नाही.

हे खरंच हॅकिंग आहे का? सांगायला मी लावलं, ते चुकलं का? शुक्रवारी जाऊन काय बोलायचं?

सदाशिव_तीस

ताई, राग मानू नका. शेजाऱ्याच्या दाराला कडी नाही हे कळायला दार ढकलावं लागतं, आणि ढकललं ते ढकललंच. एकदा कुतूहलाने झालं, ठीक. पुन्हा पुन्हा केलं असेल तर कॉलेजचं म्हणणं अगदीच खोटं नाही. माझ्या मुलीची जन्मतारीख आणि फोन नंबर परक्या मुलाच्या हाती पडलेला मला चालणार नाही, मग तो मुलगा कितीही सज्जन असो.

व्हॅक्सवाला

अबोलीताई, मी आता निवृत्त होऊन पुण्यात असतो. १९८८ साली अमेरिकेत एम.एस. करत होतो आणि विभागाच्या मशीन रूममध्ये आठवड्याला वीस तास काम करायचो. व्हॅक्स नावाचा संगणक, त्यावर बर्कली विद्यापीठाची युनिक्स ही प्रणाली. ३ नोव्हेंबरच्या गुरुवारी पहाटे फोन आला की मशीन हलेना. जाऊन बघतो तर टर्मिनलवर एक अक्षर दाबलं की उमटायला दहा-दहा सेकंद. चालू प्रोग्रामांची यादी काढली, तर साध्या शेलच्या (आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रामच्या) नावाखाली लपलेले डझनावारी प्रोग्राम. एक मारावा तोवर दुसरे दोन उभे.

तो मॉरिस वर्म होता, म्हणजे नेटवर्कवरून स्वतःच्या प्रती काढत मशीनमागून मशीनवर पसरणारा प्रोग्राम. कॉर्नेलमध्ये शिकणाऱ्या २२ वर्षांच्या रॉबर्ट टॅपन मॉरिसने आदल्या संध्याकाळी तो एमआयटीच्या मशीनवरून सोडला होता, कॉर्नेलचं नाव पुढे येऊ नये म्हणून. त्याला शिरायला वाटा होत्या. ईमेल पोचवणाऱ्या सेंडमेल प्रोग्राममध्ये डिबगची (चुका शोधण्यासाठीची) सोय उघडी राहिली होती. मशीनवर कोण काम करतंय हे सांगणाऱ्या फिंगर सेवेचा प्रोग्राम किती अक्षरं येताहेत हे न मोजताच ती आत घ्यायचा, त्यामुळे जास्तीच्या अक्षरांबरोबर वर्मचा कोड आत शिरायचा. आणि लोकांचे पासवर्ड कच्चे. वर्मजवळ ४३२ शब्दांची यादी होती, पण त्याआधी तो लॉगिनचं नाव सरळ आणि उलटं घालून बघायचा. माझा पासवर्ड तोच होता, लॉगिनचं नाव उलटं. तो माझ्या खात्यातूनही पुढे गेला, हे मी अजून विसरलेलो नाही.

वर्मने एकही फाईल खोडली नाही, काही चोरलं नाही. सुरक्षेतल्या उणिवा दाखवून देणं हा मॉरिसचा उद्देश होता, असं अपिलाच्या निकालपत्रातच आहे. एखाद्या मशीनवर आधीच प्रत आहे का, हे वर्म विचारायचा. पण एखादा अ‍ॅडमिन खोटंच 'आहे' म्हणेल, म्हणून सातातून एकदा उत्तर न जुमानता तिथेच मुक्काम करायचा, असं त्याने लिहून ठेवलं होतं. तो सात फार लहान ठरला आणि प्रती साचत गेल्या.

माझ्या बरोबरीच्या एका तमिळ मुलाचा प्रबंधासाठीचा प्रोग्राम नऊ दिवस सलग चालू होता. सहाच्या सुमाराला आम्ही नेटवर्कची जाड पिवळी केबल सोडवली आणि मशीन बंद केलं. तो शेजारी उभा होता. काही बोलला नाही. थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला आणि एक माझ्या हातात दिला.

मला सांगायचंय ते यापुढचं. प्रकरण हाताबाहेर गेलंय हे मॉरिसला त्याच रात्री कळलं होतं. त्याने हार्वर्डमधल्या मित्राला, अँडी सडथला, फोन केला. सडथने पहाटे निनावी संदेश टाकला: माफ करा, आणि थांबवायचं असेल तर या तीन गोष्टी करा. पण वाटेतलीच मशीन झोपलेली, म्हणून संदेश अडकून पडला. तो पोचेपर्यंत बर्कली आणि एमआयटीच्या लोकांनी स्वतःच वर्म उकलून तोड काढली होती. मॉरिसचे वडील एनएसएच्या (अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या) संगणक-सुरक्षा केंद्रात मुख्य शास्त्रज्ञ होते, म्हणजे कुणाला सांगायचं हे त्या घरात माहीत होतं. त्या रात्री त्याने नाव सांगून फोन केला असता तर कित्येक मशीन रूमची रात्र वाचली असती.

तुमचा भाचा दुसऱ्याच दिवशी, स्वतःच्या नावाने, ज्याला दुरुस्ती करता येईल अशा माणसाकडे गेला. तुम्ही त्याला योग्य तेच सांगितलंत. 'हॅकर' शब्दाचंही मनाला लावून घेऊ नका. १९६० च्या आसपास एमआयटीच्या मॉडेल रेल्वे क्लबातली मुलं रुळांखालच्या तारांची हुशारीने जुळणी करायची आणि तिला 'हॅक' म्हणायची. ऑफिसातला अर्थ बऱ्याच नंतरचा.

फक्त एक त्याला विचारा: किती गुणपत्रिका पाहिल्यास?

अबोली_मिरज

काका, तुमचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला आणि शेवटचा प्रश्न विचारला. बराच वेळ चादरीचा दोरा ओढत बसला. मग म्हणाला, सगळ्या.

त्याने सोमवारी रात्रीच पायथॉनमध्ये छोटा प्रोग्राम लिहून १,१४७ गुणपत्रिका उतरवून घेतल्या. फोल्डर लॅपटॉपवर आहे. "एखादीच दिसत असेल म्हणून सरांनी उडवून लावलं असतं, म्हणून पुरावा ठेवला." कुणाला पाठवल्या नाहीत म्हणतो, आणि माझा विश्वास आहे. पण सरांना हे सांगितलेलं नाही. आत्ताच्या आत्ता पुसून टाक म्हणू का?

काळा_कोट_कोल्हापूर

पुसू नका! मी वकिली करते. एकदा तक्रारीची भाषा झाल्यावर गुपचूप खोडलेल्या फाईलचा अर्थ वेगळाच काढला जातो.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या मूळ कलम ६६ च्या मथळ्यात 'हॅकिंग' शब्द होता. २००८ च्या दुरुस्तीत तो गेला. आता कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरलं किंवा माहिती उतरवून घेतली तर नुकसानभरपाई मागता येते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६: ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे हेतूवर सगळं येतं, आणि लपवाछपवी केली की हेतूवरच बोट ठेवलं जातं.

लॅपटॉप नेटवर जोडू नका, कुणाच्या हाती देऊ नका. फोल्डरबद्दल लेखी कळवा, त्यांच्यासमोर खोडायची तयारी दाखवा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. जाण्याआधी सांगली-मिरजेतल्या एखाद्या वकिलाला कागद दाखवा. आणि आई-वडिलांना आजच कळवा, ऑफिसात पहिल्यांदा कळू देऊ नका.

व्हॅक्सवाला

वकीलबाईंशी पूर्ण सहमत. सदाशिवराव, तुमचंही म्हणणं आता मला मानावं लागतं.

२०१० साली एटी अँड टी या अमेरिकन फोन कंपनीच्या साइटवर हेच झालं होतं. पत्त्यात आयपॅडच्या सिमचा नंबर घातला की त्या ग्राहकाचा ईमेल दिसायचा. अँड्रयू ऑर्नहायमर आणि डॅनियल स्पिटलर यांनी प्रोग्रामने नंबर बदलत सुमारे १,१४,००० ईमेल जमवले आणि बातम्यांच्या एका साइटला दिले. ऑर्नहायमरला ४१ महिन्यांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये ती रद्द झाली, पण खटला चुकीच्या राज्यात चालवला एवढ्याच मुद्द्यावर. मॉरिसलाही 'नुकसान करायचं नव्हतं' हे म्हणणं अपिलात उपयोगी पडलं नाही. ३ वर्षं प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहणं), ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड कायम राहिला.

पुराव्याला दोन गुणपत्रिका पुरत होत्या: स्वतःची, आणि मित्राची त्याला विचारून. दाखवायला किती पुरे, हे मॉरिसने ठरवलं नव्हतं आणि यानेही नाही. उरलेल्या १,१४५ मुलांनी त्याला काही विचारलं नव्हतं. हे त्याला प्रेमाने पण स्पष्ट सांगा. त्याची बुद्धी चांगली आहे आणि त्याला ते कळेल. अर्जात आकडा वरच लिहायला सांगा, तिसऱ्या परिच्छेदात नको. साइट कशी दुरुस्त करायची तेही लिहू दे: प्रत्येक गुणपत्रिका देण्याआधी मागणारा कोण आहे हे सर्व्हरने तपासलं पाहिजे. लागलं तर शुक्रवारी मी फोनवर त्या सरांशी बोलेन.

सदाशिव_तीस

काका, तो नऊ दिवसांचा प्रोग्राम मनातून जात नाहीये. ताई, आकडा स्वतःहून सांगितला तर तुमच्या भाच्याबद्दल माझी तक्रार नाही.

अबोली_मिरज

बहिणीला सांगितलं. आधी रडली, मग मेहुण्यांनी फोन घेतला आणि एवढंच विचारलं, "कुणाला दिलं नाही ना?" उद्या पहाटेच्या एसटीने निघताहेत. गावभागातले एक वकील संध्याकाळी कागद बघणार आहेत.

अर्ज तो हाताने लिहितोय. पहिल्या ओळीत नाव आणि सीट नंबर, दुसरीत आकडा. दुसरी ओळ दोनदा खोडली, कारण 'पाहिल्या' लिहिलं होतं. आता 'उतरवून घेतल्या' लिहिलंय.