विषय: छोट्या मंडपाची सुटी होणारी लाकडी रचना

या मंडपाच्या लाकडी पट्ट्यांचे सांधे चिकटवून पक्के करावेत, असं आधीच्या एका उत्तरात सुचवलंय. माझं मत उलट आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, हवा कोरडीठाक, आणि जुलैत तीच हवा दमट. लाकूड तंतूंच्या (रेषांच्या) आडव्या दिशेने फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. जखडून टाकलेली पट्टी मग सांध्याजवळच चिरते. त्यापेक्षा बोल्ट, रुंद वॉशर आणि एका पट्टीत लांबट भोक ठेवा, म्हणजे लाकडाला सरकायला जागा राहील. जर्मनीत मानहाइम शहरातल्या १९७५ च्या मुल्टीहाले या लाकडी जाळीच्या छताच्या सभागृहात ५० मिमीच्या पट्ट्यांची जाळी अशाच लांबट भोकांमुळे वाकवता आली. आपल्याला एवढं वाकवायचंही नाही.

वजनाची चिंता नको. ५० बाय ५० मिमीची, २.४ मीटर लांब सागवानी पट्टी साधारण चार किलो भरते, दोघं जण सहज मांडणी करतील. गडचिरोलीतल्या आलापल्लीकडचं सागवान परवडलं तर उत्तमच.

खरी भीती वाऱ्याची. मृगाच्या आधीची वावटळ हलका मंडप खालून उचलते. म्हणून प्रत्येक खांब पायाशी लोखंडी पट्टीने काँक्रीटला बांधा, आणि लाकूड जमिनीपासून वीतभर वर ठेवा. वाळवीचं सांगायलाच नको. चौकट डगमगू नये म्हणून कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणाऱ्या कर्णाच्या तिरक्या पट्ट्या मात्र विसरू नका, तुमच्या नकाशात त्या कुठेच दिसल्या नाहीत.