प्रतिसाद: सृष्टीकथेत करार असतोच की

'सृष्टीकथेत फक्त देवाची आज्ञा असते, लोकांनी आपसात करार करून राजा नेमणं ही युरोपची कल्पना' असं एक मत इथे मांडलं गेलंय, ते मला पटत नाही. महाभारतातल्या शांतिपर्वाचा ६७वा अध्याय काढून बघा. अराजकात मोठा मासा लहानाला गिळतो तशी माणसं एकमेकांना खातात, मग आपसात नियम ठरवतात: शिवराळ, दांडगट, परस्त्रीगामी, चोर यांना हाकलायचं. ते टिकत नाहीत, म्हणून सगळे ब्रह्मदेवाकडे जातात. तो मनूचं नाव सुचवतो, पण मनू चक्क नकार देतो! राज्य करणं अवघड, त्यात माणसं खोटं वागणारी, आणि मला पापाची भीती वाटते, म्हणतो. मग लोक बोली करतात: पाप करणाऱ्याच्या माथी, तुला पशू आणि सोन्याचा पन्नासावा हिस्सा, धान्याचा दहावा. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज याच्या १६५१ च्या मांडणीत सार्वभौम, म्हणजे सर्वोच्च सत्ताधीश, करारात पक्षकारच नसतो, इथे राजा अटी ऐकून मग हो म्हणतो. हा फरक मला फार मोठा वाटतो.

बौद्धांचं अग्गञ्ञसुत्त, म्हणजे जगाच्या आरंभाची कथा सांगणारं पाली सूत्र, तर देवालाही मध्ये घेत नाही. कुणीतरी आळसापोटी सकाळ-संध्याकाळचा तांदूळ एकदमच आणून ठेवतो, बाकीचे त्याचं बघून साठा करू लागतात, तांदळावर तूस चढतं, शेतांना बांध पडतात आणि पहिली चोरी होते. मग तांदळाचा वाटा देऊन महासंमताला, म्हणजे पहिल्या राजाला, निवडतात.

आता खरा प्रश्न पुढचा: या संमतीने नंतरच्या पिढ्या का बांधल्या जाव्यात? त्याचं उत्तर दोन्ही कथा देत नाहीत.